चिठ्ठीवर अँटिबायोटिक बंद करायची तारीख लिहा

संपादक महोदय,

माझ्या मिस्टरांना सासूबाईंनी किडनी दिली त्याला चार वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात, इथं ऊन ४५ च्या वर गेलं होतं तेव्हा, त्यांना थंडी वाजून ताप आला. नवीन किडनी कमरेत नसते, पोटात खाली एका बाजूला बसवतात, अन् तिच्या नसा कापलेल्या असतात म्हणून इन्फेक्शन झालं तरी कंबर दुखेलच असं नाही, त्यामुळं आम्हाला दोन दिवस ऊन लागलं असंच वाटत राहिलं. घराजवळच्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत अन् त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) न करताच अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चिठ्ठीवर किती दिवस घ्यायचं ते लिहिलेलंच नव्हतं म्हणून पाचव्या दिवशी आम्ही गोळ्या बंद केल्या. बारा दिवसांनी परत ताप, किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.३ वरून २.४, मग भरती अन् शिरेतून इंजेक्शन. सासूबाई दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होत्या, माझी किडनी वाया गेली का म्हणून. ते मी विसरू शकत नाही.

नंतर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी समजावलं. साध्या माणसाला किडनीचं इन्फेक्शन झालं तर आता सात दिवसांचा कोर्स बऱ्याचदा पुरतो, पण तसे अभ्यास करताना ट्रान्सप्लांटवाले पेशंट बहुतेक वगळलेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी अजूनही १४ ते २१ दिवस सांगतात. मग सरळ २१ दिवस सगळ्यांनाच द्या ना, असं मी विचारलं, तर तेही बरोबर नाही म्हणे. जास्त दिवसांनी चिवट जंतू तयार होतात अन् पुढच्या वेळी गोळी लागूच होत नाही. अँटिबायोटिकनं जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची (शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध) रक्तातली लेव्हल वर जाते अन् त्याचा त्रास त्याच किडनीला. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या स्टिरॉइडसोबत घेतल्या तर टाचेमागचा स्नायूबंध (टेंडन) दुखावू शकतो. अन् ताप नाही, जळजळ नाही, नुसते रिपोर्टमध्ये जंतू दिसले तर ट्रान्सप्लांटला काही महिने झाल्यावर बहुतेकदा औषध लागतच नाही, हे तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे दिवस किती हे पेशंट पाहून ठरतं अन् ते डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ठरवलेलं कागदावर यायला नको का? नागपूरला गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरवरून माणसं ऑपरेशन करून जातात, ताप आला की गावातल्याच डॉक्टरकडे जातात, रात्री दोनला कोण नागपूर गाठणार. माझी कळकळीची विनंती आहे, पहिली गोळी देण्याआधी कल्चरला लघवी घ्या, दोनतीन दिवसांनी रिपोर्ट आला की ट्रान्सप्लांट टीमला फोन करून औषध तेच ठेवायचं की बदलायचं ते विचारा, अन् चिठ्ठीवर औषधाच्या नावासमोर शेवटच्या गोळीची तारीख लिहा. मेडिकलवाल्या भाऊंनीही तारीख नसली तर दोन पत्ते सुटे कापून द्यायच्या आधी एकदा डॉक्टरांना विचारावं.

एका किडनी पेशंटची पत्नी, नागपूर