कॉम्प्युटर सुरू होताना काय बंद करावं, काय नाही

विश्रामबाग, सांगली

प्रिय विजय,
स. न. वि. वि.

कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागतो म्हणून तू विंडोजच्या सगळ्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, बंद करायला निघालायस हे कळलं. जरा दमानं घे. लॉगिननंतरचा बराचसा वेळ खातात ती स्टार्टअप अ‍ॅप्स, म्हणजे लॉगिन होताच आपणहून उघडणारे प्रोग्राम. सर्व्हिसेसना हात नंतर लावायचा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड आणि स्टार्टअपमध्ये जा. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात ज्यांच्यापुढे 'हाय' दिसेल ती आधी बघ. टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर यांवर राइट क्लिक करून डिसेबल कर. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. वनड्राइव्ह मात्र विचार करून बंद कर, कारण मग ते तू स्वतः उघडेपर्यंत फाइलींचा बॅकअप होणार नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅडचं सॉफ्टवेअर राहू दे.

फरक बघायला रीस्टार्टच कर. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. सगळं मुळापासून सुरू होतं ते रीस्टार्टनेच.

आता सर्व्हिसेस. आधी 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून एक पॉइंट बनव, म्हणजे बिघडलं तर विंडोजच्या आत्ताच्या स्थितीत परत येता येईल. तिथे सी ड्राइव्हपुढे 'ऑफ' असेल तर कॉन्फिगरमध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू कर. मग विंडोज आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' टाइप कर, सर्व्हिसेसमध्ये जा आणि खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक कर. ही टिक विसरून 'डिसेबल ऑल' दाबलंस तर वाय-फाय, आवाज, अगदी पिन टाकून लॉगिन करणंसुद्धा अडू शकतं. टिक केल्यावर उरतात ते बाहेरच्या कंपन्यांचे अपडेटर आणि मदतनीस. छाटायचं ते यातलंच.

त्यांची नावं वहीत लिही. मग 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडून एकेकीवर डबल क्लिक कर आणि स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' ठेव. 'डिसेबल्ड' केलेली सर्व्हिस दुसऱ्या प्रोग्रामने मागितली तरी उठत नाही, 1058 क्रमांकाची एरर येते. ती जिच्यावर अवलंबून आहे ती बंद असेल तर 1068. म्हणून 'डिपेन्डन्सीज'चा टॅब आधी वाच. जिची गरज आहे पण घाई नाही, तिला 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' दे.

प्रिंट स्पूलरचंच बघ, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी सर्व्हिस. घरात प्रिंटर नाही म्हणून लोक तो बेधडक बंद करतात, आणि मग सातबारा 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'ने सेव्ह करायला गेलं की ते चालत नाही, कारण तो कागद नसलेला प्रिंटरही स्पूलरमधूनच जातो. डीएचसीपी क्लायंट, डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग, विंडोज ऑडिओ आणि क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस यांच्या वाटेलाही जाऊ नकोस.

एका वेळी दोन-तीनच बदल, मग रीस्टार्ट. म्हणजे बिघडलंच तर कशामुळे ते कळतं. अगदीच अडलं तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट दाब, ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग सिस्टिम रिस्टोअर.

तुझी हार्ड डिस्क फिरणारी असेल तर एवढं करूनही थोडाच फरक पडेल, तिथे एसएसडीच, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवायला हवी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कखाली एचडीडी (फिरणारी) की एसएसडी ते लिहिलेलं असतं. तेवढं बघून कळव. साताऱ्यात सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सुहास