चेंबरलेन आणि ते १२० शिपाई

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

जोशुआ चेंबरलेन म्हणजे अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईतला तो संगिनींचा हल्ला, असे तू लिहितोस. मला मात्र हा माणूस त्या लढाईच्या काही आठवडे आधी दिसतो. मेन राज्यातील बोडन महाविद्यालयाचा हा वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक युरोपात अभ्यासासाठी मिळालेली रजा घेऊन १८६२ मध्ये थेट सैन्यात गेला. पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या मेन पलटणीतले सुमारे १२० शिपाई पहाऱ्याखाली त्याच्या स्वाधीन करण्यात आले. सोबत्यांची दोन वर्षांची मुदत संपून ते घरी परतले होते. यांच्या सह्या मात्र तीन वर्षांच्या करारावर होत्या, आणि आपली फसवणूक झाली असे म्हणत त्यांनी लढायला साफ नकार दिला होता. ऐकत नसतील तर गोळ्या घालण्याची मुभा चेंबरलेनला होती. त्याने त्यांना जेवू घातले, पहारा उठवला, निरनिराळ्या तुकड्यांत वाटून टाकले आणि त्यांची तक्रार गव्हर्नरांना कळवली. बहुतेकांनी पुन्हा बंदुका उचलल्या.

२ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप या टेकडीवर उत्तरेच्या फौजेची अगदी डावी कड त्याच्या विसाव्या मेन पलटणीकडे होती. पलटण चारशेच्या आतली. दुसऱ्या मेनमधून आलेले ते शिपाई नसते तर ती कड टिकली असती, असे मला वाटत नाही. दक्षिणेकडून लढणाऱ्या अलाबामाच्या पलटणीचे हल्ले परतवता परतवता काडतुसे संपत आली, तेव्हा कुठे संगिनी लावून उतारावरून धावण्याची वेळ आली. पुढे त्याने हा प्रसंग इतक्या अलंकारिक भाषेत सांगितला की, त्याच्यातला प्राध्यापक रणांगणावरही हजर असावा! मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला तो १८९३ मध्ये.

१८ जून १८६४ रोजी पीटर्सबर्गला गोळी कमरेतून आरपार गेली; तो वाचत नाही असे धरूनच उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने त्याला ब्रिगेडियर जनरल केले. ती जखम त्याला १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत छळत राहिली. तरीही १२ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सला, शस्त्रे खाली ठेवायला आलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना त्याने आपल्या फौजेकडून मानवंदना देवविली.

नंतर तो चार वेळा मेनचा गव्हर्नर झाला आणि मग बोडनचा अध्यक्ष. तिथे १८७४ मध्ये विद्यार्थ्यांनी सक्तीच्या लष्करी कवायतीविरुद्ध बंड केले, तर त्याने त्यांना घरी धाडले आणि मुकाट्याने परतला नाहीत तर कायमचे काढून टाकीन, असे कळवले. शिपायांपाशी दाखवलेली समजूत मुलांच्या वाट्याला का आली नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
माधव