फोत्रोबोत म्हणजे आपला भाद्रपद

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, तिकडे कंबोडियात पितृपक्ष पाळतात का? पाळतात, आणि आपल्याच पंधरवड्यात. ख्मेर, म्हणजे इथल्या भाषेतली महिन्यांची नावं बघा: चेत, पिसाख, चेस, आसाथ, स्राप, फोत्रोबोत. हा शेवटचा म्हणजे भाद्रपद. त्याच्या वद्य पक्षाला ‘प्चुम बेन’ म्हणतात. प्चुम म्हणजे जमणं आणि बेन म्हणजे चक्क पिंड. २०२४ साली आपली सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती, कंबोडियातला मुख्य दिवसही तोच. यांचा अधिक महिना मात्र कायम आषाढच असतो, आपल्यासारखा फिरत नाही.

पहिले चौदा दिवस ‘कान बेन’. गावातली घरं गट पाडून पाळीपाळीने मठात जेवण नेतात. वर्षावास (भिक्खूंचा चातुर्मास) चालू असल्यामुळे भिक्खू मठातच असतात, पण दुपारी बारानंतर जेवत नाहीत. म्हणून चुली अंधारातच पेटतात. भटजी नाहीत. काय, कधी, कुठे ठेवायचं ते ‘आचार’ सांगतो. गावातलाच जाणता गृहस्थ, आणि शब्द आपला आचार्यच.

पिंडाला ‘बाय बेन’ म्हणतात, बाय म्हणजे भात. चिकट तांदळाच्या भाताचे तीळ घालून लिंबाएवढे गोळे वळायचे. (तिळावरून ओळख पटली ना, आई?) भात मऊ झाला तर गोळा हाताला चिकटतो, म्हणून तो जरा फडफडीतच ठेवतात आणि हात ओला करून वळतात. पहाटे चारच्या सुमाराला अनवाणी, विहाराला तीन फेऱ्या घालत हे गोळे अंधारात टाकायचे. प्रेतयोनीतल्यांना उजेड सोसत नाही आणि काहींचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, अशी समजूत. ‘प्रेत’ हा शब्दही तसाच. कावळा शिवायची वाट बघणं मात्र इथे नाही. काही भिक्खूंना अन्न जमिनीवर टाकणं पटत नाही, ते ताटात ठेवायला सांगतात. मलाही ताटच बरं वाटतं, पण पोरांना विचाराल तर सगळी गंमत टाकण्यातच आहे.

खरं काम असतं ‘नोम आन्सोम’चं. चिकट तांदळाची केळीच्या पानात बांधलेली, मनगटाएवढी जाड वळकटी. आत मुगाची डाळ आणि मध्ये मीठ-मिरी लावलेली डुकराच्या मांसाची पट्टी. नाक मुरडू नकोस, केळं घातलेलं ‘आन्सोम चेक’ही असतं. दहा वळकट्यांना साधारण २ किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ. तांदूळ रात्रभर भिजवून पूर्ण निथळायचा. पानं पुसायचं काम पोरांकडे. ती विस्तवावरून फिरवली नाहीत तर वळताना चिरतात आणि पाणी आत शिरतं. दोन पानं एकमेकांवर, त्यावर तांदूळ, डाळ, मांस, पुन्हा डाळ, तांदूळ, मग गुंडाळी करून टोकं दुमडायची आणि बांबूच्या ओल्या पट्टीने बांधायचं. सगळी मेख या बांधण्यात आहे. करकचून आवळलं तर तांदूळ फुगून पान फोडतो, सैल ठेवलं तर आतला भात गिच्च होतो. मग पातेल्याच्या तळाशी पानांचे दांडे घालून सहा ते आठ तास उकळायचं. वळकट्या सतत पाण्याखाली हव्यात आणि वरून घालायचं पाणी उकळतंच हवं. गार ओतलं की उकळी मोडते आणि मधला तांदूळ टचटचीत राहतो. शिजल्यावर टांगून निथळायच्या. उरलेल्याच्या चकत्या करून तव्यावर परततात, आणि मला त्याच जास्त आवडतात.

आई, ‘नोम कोम’ तुला शिकवायची गरजच नाही, तो मोदकाचाच भाऊ. ओला नारळ, ताडगूळ आणि भाजलेले तीळ यांचं सारण कोरडं होईपर्यंत आटवायचं. पारी चिकट तांदळाच्या पिठाची, उकड न काढता कोमट पाण्यात मळलेली. गोळा भरून तेल लावलेल्या केळीच्या पानात त्रिकोणी बांधायचा आणि अर्धा तास वाफवायचा. पानाला तेल विसरलं तर निम्मी पारी पानालाच. मोदकाची पारी मऊ लागते, ही चिवट लागते, ओढली की ताणते.

बाबा, या पंधरवड्याचं इथे इतकं का, हे १९७५ ते १९७९ आठवल्याशिवाय कळत नाही. ख्मेर रूज या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीने मठ बंद केले, भिक्खूंची चीवरं उतरवली. सुमारे १७ लाख माणसं गेली. कित्येकांना अग्नी मिळाला नाही, तिथी तर कुणालाच माहीत नाही. सर्वपित्रीला तिथी लागत नाही तशी इथेही लागत नाही, लागतं फक्त नाव. घरोघरचे लोक नावांचा कागद मठात देतात आणि त्यांच्यासाठी भिक्खू ‘बांगस्कोल’चं पठण करतात. सात पिढ्यांपर्यंतचे पूर्वज येतात म्हणतात, आईकडचेही आणि बापाकडचेही.

यंदा आचाराने मलाही कागद आणायला सांगितलंय. मला चारच नावं येतात. तुम्हाला आठवतील तितकी लिहा, आणि आजीच्या माहेरच्या बायकांची मामाला विचारा, त्यांची माहेरची नावंसुद्धा. कागदाचा फोटो पाठवा. अक्षर देवनागरीच असू दे, मी वाचून दाखवीन.

तुमची,
धाकटी