आप्पा, फोन का उचलला नाही ते सांगतो

म्युनिक, १८ जानेवारी

तीर्थरूप आप्पा आणि आईस साष्टांग नमस्कार,

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात पोराने एक फोन उचलला नाही म्हणून आई चिडलीय हे ताईच्या मेसेजवरून कळलं. चिडणारच. अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ ताईने पाठवला तो मी रात्री दीड वाजता ऑफिसात बसून बघितला, सम्मती कट्ट्यापाशी सातही नंदीध्वज उभे, आणि माझ्यासमोर स्क्रीनवर मेलेला लॅपटॉप. फोनवर सांगायला गेलो की आप्पा तुम्ही विचारता, म्हणजे कॉम्प्युटर बिघडला होता काय, आणि मी हो म्हणून सोडून देतो. या वेळी सगळं लिहूनच काढतो, ताईला वाचून दाखवायला सांगा.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरमधला जॉबर, मागांच्या शेडचा मुकादम समजा. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी, कुणाला कधी प्रोसेसर द्यायचा, सगळं तो बघतो. एखादा प्रोग्राम मेला तर एक माग बंद पडल्यासारखं, बाकी शेड चालू राहतं. पण खुद्द जॉबरच चक्कर येऊन पडला तर पूर्ण शेड ठप्प, त्याला कर्नल पॅनिक म्हणतात. आणि व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच मशीनच्या पोटात दुसरी अख्खी मशीन चालवायची, आतल्याला वाटतं सगळं शेड आपल्याच मालकीचं, मीटर पण आपलाच, खरं तर तो भाडेकरू. इंटेलने यासाठी २००५ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली, आणि लिनक्समध्ये, म्हणजे आम्ही वापरतो त्या कर्नलमध्ये, ती वापरणारं केव्हीएम आलं २००७ च्या फेब्रुवारीत, तेव्हा मी हरिभाईला नववीत गणितात मार खात होतो. आमची कंपनी केव्हीएम वापरत नाही, स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, लिहिलंय. का लिहिलंय ते विचारू नका, मलाही कुणी नीट सांगितलेलं नाही.

तर हे मॉड्यूल सर्व्हरवर कित्येक दिवस मस्त चालत होतं. डिसेंबरात तेच लॅपटॉपवर द्यायचं ठरलं, नवा कर्नल पण तेव्हाच चढवला, आणि लॅपटॉप पटापट मरायला लागले. कुणाचा दोन मिनिटांत, कुणाचा तासाभराने, कुणाचा दिवसभर काहीच नाही. लॅपटॉप गोठला की स्क्रीनवर काही वाचता येत नाही, म्हणून केडम्प लावलं. आपल्याकडे पाणी चार दिवसांनी येतं म्हणून आई एक पिंप भरून झाकून ठेवते ना, कुणी हात लावायचा नाही, तसं थोडी मेमरी आधीच बाजूला काढून तिच्यात एक छोटा दुसरा कर्नल ठेवतात, मोठा पडला की हा उठतो आणि पडलेल्याची सगळी मेमरी डिस्कवर लिहून ठेवतो. मग निवांत पोस्टमॉर्टेम. प्रत्येक वेळी एकच निघायचं, इन्व्हॅलिड ऑपकोड, म्हणजे प्रोसेसर म्हणतोय की ही आज्ञा मला ठाऊकच नाही. अरे कालपर्यंत तर ठाऊक होती की!

इथे मी गाढवपणा केला. म्हटलं नव्या कर्नलमुळेच झालं असणार, आणि बायसेक्ट करत बसलो. लिनक्सच्या एका नव्या व्हर्जनमध्ये दहा हजारांच्या वर बदल असतात, त्याचे निम्मे निम्मे करत गेलं की १४ फेऱ्यांत नेमका दोषी बदल सापडतो, पण हे कधी चालतं तर बिघाड दर वेळी हमखास येत असेल तेव्हा. आमचा येतो कधी, येत नाही कधी, त्यामुळे खराब कर्नलला चांगला म्हणून पास केलं आणि शेवटी बोट गेलं ते साऊंड कार्डच्या कुठल्या तरी बदलावर. साऊंड कार्ड! चार दिवस त्यात गेले, तेच आईचे चार दिवस.

शेवटी बाजूच्या टेबलावरची पोलंडची बाई कॉफी घेऊन आली, माझ्या नऊ पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या प्रिंटवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, हे सगळे सीपीयू शून्यवरच कसे काय पडलेत? प्रोसेसरमध्ये आठ कोर, म्हणजे आठ छोटे सीपीयू आहेत, ० ते ७. नऊच्या नऊ रिपोर्टात शून्य, आणि प्रत्येक रिपोर्टात ते पहिल्या काही ओळीतच छापलेलं असतं. आप्पा, चादरीत फॉल्ट आला की तुम्ही सगळ्यात आधी काय विचारायचात? माग नंबर किती. मी एमआयडीसीत डबा घेऊन यायचो तेव्हा त्या पोराला तुम्ही दिलेली शिवी अजून आठवते, माग नंबर न लिहिता चादर घेऊन आला होता म्हणून. तीच शिवी मी स्वतःला दिली, मराठीतून, मोठ्याने.

मग टास्कसेट नावाच्या कमांडने काम शून्यावरच बांधून ठेवलं, लॅपटॉप झोपवला, उठवला, चालू केलं, मेला. परत केलं, परत मेला. इतका आनंद दहावीच्या निकालाला झाला नव्हता. न झोपवता केलं तर काही होत नाही.

कारण असं की व्हर्च्युअलायझेशन प्रत्येक कोरवर वेगळं चालू करावं लागतं, प्रत्येक मागाचं हँडल वेगळं असतं तसं. लाईट गेली आणि आली तर माग आपोआप सुरू होत नाहीत, एकेकाचं हँडल ओढत फिरावं लागतं. लॅपटॉप झोपताना कर्नल १ ते ७ कोर रीतसर बंद करतो, उठताना रीतसर चालू करतो, आणि आमचं मॉड्यूल त्या यादीप्रमाणे सातही हँडल ओढत होतं. पण शून्य नंबर शेवटपर्यंत जागा राहतो, तो त्या यादीत नसतोच, अगदी शेवटी त्याचीही लाईट जाते आणि उठल्यावर त्याचं हँडल कुणीच ओढत नाही. भाडेकरू फिरत फिरत त्या कोरवर आला की खेळ खलास. सर्व्हर झोपतच नाहीत म्हणून तिथे कधी दिसलं नाही. लिनक्सचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. केव्हीएमचा कोड उघडून बघितला तर त्यांनी शून्यासाठी वेगळी सोय कधीच करून ठेवलीय. आम्ही पण केली, वीसेक ओळी. शुक्रवारपासून तीनशे वेळा झोपवून उठवून झालं, एकदाही पडला नाही.

आई, शेंगा चटणी संपली, कडक भाकरीचा एकच पुडा उरलाय तो पण जपून खातोय. ताईच्या नणंदेचा भाऊ फेब्रुवारीत येतोय म्हणे, त्याच्याकडे द्या, पण चटणी दोन पिशव्यांत बांधा, मागच्या वेळी शर्ट सगळे लाल झाले होते. आप्पा, डोळ्याचे थेंब चालू आहेत का ते ताईकडून कळवा, तुम्ही हो म्हणता त्यावर माझा विश्वास नाही. रविवारी तुमच्या अकराला फोन करतो, पाण्याचा दिवस असेल तर आधी सांगा, मग दुपारी करीन.

तुमचा,
बंडू