मावशी, त्या पताकांसाठी

प्रिय मावशी,

रिसेप्शनला आलेला जो तो मला एकच विचारत होता, "सजावट कोणाला दिली होती?" मी तुला शोधायचे आणि तू दर वेळी कुठेतरी विझलेली मेणबत्ती पेटवत बसलेली असायचीस. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

शेतावर कार्यक्रम करायचा, एवढंच माझं ठरलं होतं. झाडं आहेत, मोकळं आभाळ आहे, आणखी काय हवं! तू जागा बघून म्हणालीस, "इथे वारा आहे, रात्री दंव पडतं. आधी त्यांचं बघ, मग रंगांचं." मग मेणबत्त्या काचेच्या बरण्यांत गेल्या, तळाशी दोन बोटं वाळू घालून, म्हणजे बरणी कलंडायला नको. वाळल्या गवताजवळ आणि कागदाजवळ फक्त एलईडीच्या माळा, कारण त्या फारशा तापत नाहीत. फुलांचे देठ तू आदल्या संध्याकाळी तिरपे कापलेस, पाण्यात बुडणारी पानं एकूण एक काढलीस आणि बादल्या रात्रभर गारव्याला ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत एक फूल मान टाकून बसलं नाही.

क्रेप कागदाची फुलं मात्र मी तुझं न ऐकता रात्रीच टेबलांवर मांडली. सकाळी बघते तर दंवाने लाल रंग उतरून पांढऱ्या कापडावर ओघळ आलेले. मी रडायच्या बेतात होते. तू एका शब्दाने बोलली नाहीस. गोणपाट आणलंस, लांब पट्ट्या कापल्यास, कडेचे धागे ओढून झालर काढलीस आणि टेबलांच्या मधोमध अंथरल्यास. लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते तेच.

120 नावांची कार्डं आपण हाताने लिहिली आणि प्रत्येकामागे त्या माणसाची एक आठवण लिहायची, हे तुझंच डोकं. माझी शाळेतली मैत्रीण ते कार्ड पर्समध्ये घालून घेऊन गेली.

पण मला खरं बोलायचंय ते पताकांबद्दल. घरातल्या जुन्या कपड्यांचे 20 सेंटिमीटरचे 60 त्रिकोण, मध्ये पाच-पाच सेंटिमीटर सोडून, 15 मीटरची माळ. आजोबांचा निळ्या रेघांचा सदरा हातात आला तेव्हा माझी कात्री चालेना. तू ती माझ्याकडून घेतलीस, सदरा मांडीवर पसरून तळव्याने सारखा केलास आणि त्रिकोण असा बेतलास की खिसा अख्खा राहिला, बटणासकट. कापताना तू खूप वेळ गप्प होतीस. मला वाटलं, माप चुकू नये म्हणून.

त्या संध्याकाळी आजी त्या पताकेखाली आली, तिने हात वर केला आणि खिशात दोन बोटं घालून तशीच उभी राहिली. तुझ्याकडे बघितलं तर तू तोंड फिरवलं होतंस. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझे आजोबा म्हणजे तुझे बाबा. माझ्या लग्नासाठी तू तुझ्या बाबांचा सदरा कापलास.

माळ उतरवताना ती एक पताका मी उसवून वेगळी काढली आहे. धुतली नाही, इस्त्रीही केली नाही. रविवारी घेऊन येते. ती तुझ्याकडेच राहू दे.

तुझी भाची