छळछावणी आणि मृत्युछावणी एक नव्हे

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धातल्या शब्दांची यादी तुम्ही पुरवणीत दिलीत, मी ती कापून ठेवली, मुलांना उपयोगी पडेल म्हणून. पण नीट वाचल्यावर राहवेना. दाखाऊ आणि ट्रेब्लिंका या दोन्ही नाझी छावण्या तुम्ही 'छळछावणी' या एकाच शब्दाखाली घातल्यात, आणि हे फक्त तुमच्याकडेच नाही, मराठीत सगळीकडे असंच लिहितात.

जर्मनीतली दाखाऊ १९३३ मध्ये उघडली, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, सुरुवातीला राजकीय विरोधकांना डांबायला. तिथे हजारो माणसं उपाशी, मार खाऊन, रोगानं मेली. पण तिथे बराकी होत्या, कैद्यांना नंबर होते, बरेच जण जिवंतही सुटले. ट्रेब्लिंकात तसलं काही नव्हतं. जर्मनव्याप्त पोलंडमधली ही छावणी जुलै १९४२ मध्ये चालू झाली ती फक्त मारण्यासाठी, रेल्वेनं माणसं आणायची आणि त्यातले बहुतेक जण काही तासांत गॅस चेंबरमध्ये संपलेले असायचे. उतरणाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून तिथे चक्क खोटं स्टेशन उभं केलं होतं, खोटी तिकीट खिडकी, आणि भिंतीवर एक घड्याळ ज्याचे काटे नुसते रंगवलेले होते. सव्वा-दीड वर्षात ७ लाखांहून जास्त ज्यू माणसं तिथे मारली. याला मृत्युछावणी म्हणा, छळछावणी म्हटलं की लोकांना वाटतं तिथे माणसांना ठेवायचे, ठेवायचे नाहीतच हो.

शब्दांबद्दल एवढा आग्रह का, तर नाझींनी हे सगळं शब्दांच्याच आड केलं. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वानझे भागात १५ बडे अधिकारी बैठकीला बसले, नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख अध्यक्ष, त्याच्या हाताखालच्या आइशमनने बैठकीचं टिपण तयार केलं. त्या टिपणात ठार मारणं असं सरळ कुठे नाही, आहे ते 'पूर्वेकडे स्थलांतर' आणि 'अंतिम उपाय'. तुमच्या यादीत 'अंतिम उपाय : ज्यूंच्या प्रश्नावरील नाझी धोरण' एवढंच आलंय. ही तर त्यांचीच भाषा झाली ना? युरोपातल्या सगळ्या ज्यूंची कत्तल, असं स्वच्छ लिहा.

बाकी किरकोळ. डी-डेमधला डी म्हणजे 'डे'च, कुठल्याही मोहिमेच्या पहिल्या दिवसाला तसं म्हणायचे, ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं, त्यामुळे तो त्या दिवसाला चिकटला. आणि फ्रान्सने २२ जून १९४० ला सही केली ती शस्त्रसंधीवर, शरणागतीवर नव्हे; बिनशर्त शरणागती मे १९४५ मध्ये जर्मनीची.

पुढच्या पुरवणीत निदान छावण्यांची आणि 'अंतिम उपाय'ची दुरुस्ती छापाल का? चौकटीत, ठळक छापा, कारण जुनी यादी माझ्यासारखी बऱ्याच जणांनी कापून ठेवली असणार.

आपला,
एक नियमित वाचक