प्रशिक्षणासाठीची म्हणून विकलेली सदोष मोनोफिन आणि तिच्यासोबतचे धोकादायक माहितीपत्रक : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जलतरण साहित्य विक्री विभाग

विषय : मोनोफिनची पूर्ण रक्कम परत मिळणे, तसेच तिच्यासोबतचे माहितीपत्रक तातडीने मागे घेणे याबाबत.

संदर्भ : सोबत जोडलेले बिल आणि आपल्या ग्राहक सेवा विभागाचा ईमेल.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून साडेअठरा हजार रुपये भरून मी प्रशिक्षणासाठीची मोनोफिन, म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवून पोहायचे एकच रुंद पाते, मागवली. आलेली वस्तू जाहिरातीप्रमाणे नव्हती आणि काही दिवसांतच तिचे डावे फूट पॉकेट, म्हणजे पाय अडकवायचा कप्पा, पात्यापासून उखडले. मी फोटोंसह तक्रार केली. त्यावर आलेले उत्तर असे : 'उत्पादनात दोष आढळत नाही. ग्राहकाची डॉल्फिन किक चुकीची असल्यास पात्यावर अवाजवी ताण येतो. कृपया सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे सराव करावा.'

वस्तू आपण परत मागवली नाही, पाहिली नाही, तरी दोष आढळला नाही. माझी डॉल्फिन किकही, म्हणजे दोन्ही पाय जोडून अंगाच्या लहरीने मारायची किक, कोणी पाहिली नाही, तरी तिच्यात मात्र दोष आढळला. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे, अशी माझी गत आहे असे आपले म्हणणे. पण माझी तक्रार नेमकी उलटी आहे. पाते वाकडे हवे होते, ते सरळ आले आहे. याचा अर्थ आपल्या ग्राहक सेवेतल्या व्यक्तीला लागला नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

मी शाळेत असल्यापासून बटरफ्लाय पोहते, सध्या मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या गटात आहे आणि आमच्या टँकवरच्या मुलांना बटरफ्लायची किकही शिकवते. मोनोफिन मला नवी नाही. इतके दिवस एका मैत्रिणीची वापरत होते, स्वतःची असावी म्हणून ही घेतली. पुण्यात मोनोफिन घालून पोहू देणारे तलाव शोधावे लागतात. एवढे रुंद पाते शेजारच्या लेनमधल्या माणसाला लागू शकते, त्यामुळे व्यवस्थापनाची काळजी रास्तच असते. पहाटेच्या बॅचला एक लेन मोकळी मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केला होता. ती लेन मिळाली तोवर आपली मोनोफिन मोडली होती.

आधी पात्याविषयी. आपल्या पानावर 'फायबरग्लास, मध्यम ताठरता, टोकाकडे पातळ होत जाणारे' असे लिहिले आहे. आलेले पाते एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेले आहे. कापलेल्या कडेला काचतंतूंचा एक धागाही दिसत नाही. व्हर्नियरने मोजले तर पायाजवळ 3 मिलिमीटर आणि टोकालाही 3 मिलिमीटर. हा नुसता कागदोपत्री फरक नाही. चांगल्या मोनोफिनमध्ये काचतंतूंच्या कापडाचे थर पायाजवळ जास्त आणि टोकाकडे कमी कमी होत जातात. त्यामुळे किक मारल्यावर पाते पूर्ण लांबीभर वाकते, हा बाक पायाकडून टोकाकडे सरकत जातो आणि पाणी मागे ढकलले जाते. सगळीकडे सारख्या जाडीचे पाते मात्र जिथे ताण सर्वाधिक असतो तिथेच, म्हणजे फूट पॉकेटच्या तोंडाशी, बिजागरीसारखे मोडून वाकते आणि पुढचा भाग फळीसारखा ताठच राहतो. सगळा भार पायाच्या बोटांखालच्या त्या एका रेषेवर येतो. माझे पॉकेट नेमके त्याच रेषेवर उखडले आहे. फोटो क्रमांक 3 पाहावा. ते का उखडले याचे उत्तर पात्याच्या जाडीत आहे, माझ्या गुडघ्यांत नाही.

आता कोनाविषयी, कारण मूळ दुखणे तिथेच आहे. आपल्या पानावरच्या फोटोत पाते फूट पॉकेटशी कोन करून तळव्याच्या बाजूला कललेले दिसते आणि खाली '22 अंश' असे छापलेही आहे. माझ्याकडे आलेल्या मोनोफिनचे पाते पॉकेटच्या अगदी सरळ रेषेत आहे. टेबलावर ठेवली तर मोनोफिन पाटासारखी सपाट बसते. हा कोन शोभेसाठी नसतो. माणसाचा घोटा कितीही ताणला तरी चवडा नडगीच्या सरळ रेषेत येणे बहुतेकांना जमत नाही. पालथे पोहताना पाय मागे ताणले तरी बोटे थोडी खालीच झुकलेली राहतात. पाते सपाट असेल तर तेही तळाकडे झुकते आणि तेवढाच पाण्याला अडथळा होतो. पात्याला दिलेला कोन ही उणीव भरून काढतो, म्हणजे पाय जितका ताणता येतो तितकाच ताणूनही पाते शरीराच्या रेषेत येते. कोनच नसेल तर पाते पाण्याला समांतर आणायला पोहणाऱ्याकडे एकच मार्ग उरतो : गुडघे वाकवून टाचा वर उचलणे.

आणि डॉल्फिन किकमध्ये पहिल्या दिवसापासून जी सवय मोडायची असते ती हीच. मुले किक शिकायला लागतात तेव्हा सगळी गुडघ्यातून मारतात. गुडघा पोटाकडे आला की मांडी पाण्यासमोर आडवी येते आणि जेवढे पुढे जायचे तेवढेच अडते. खरी लहर छातीतून सुरू होते. हात स्ट्रीमलाइनमध्ये, म्हणजे डोक्यापुढे सरळ ताणून जोडलेले आणि जवळजवळ स्थिर, डोके दोन्ही दंडांच्या मध्ये, छाती किंचित खाली दाबायची, मग कंबर, मग मांड्या, आणि लहर पायांपर्यंत पोचता पोचता मोठी होत जाते. गुडघा वाकतो, पण तो वाकवायचा नसतो, वरून आलेल्या लहरीने तो आपोआप वाकतो. दुसरी गोष्ट वरच्या किकची. अनवाणी पोहताना खाली मारलेल्या किकचा जोर लगेच जाणवतो, पाय वर नेताना मात्र बहुतेक जण विश्रांती घेतात. मोनोफिन घातली की ही चोरी पकडली जाते. एवढे मोठे पाते वर नेताना नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी काम केले नाही तर लय तुटते आणि वेग तिथल्या तिथे पडतो. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक थोडा वेळ मोनोफिन घालायला लावतात आणि मग लगेच ती काढून तीच किक अनवाणी मारायला सांगतात. पायांना वरची किक आठवत असतानाच ती मारायची असते.

आपली मोनोफिन यातले काहीच शिकवत नाही, उलट सगळे शिकलेले बिघडवते. पॉकेट उखडण्यापूर्वी एकाच सकाळी, एकाच लेनमध्ये, मैत्रिणीची आणि आपली अशा दोन्ही मोनोफिन मी आलटून पालटून घातल्या. मैत्रिणीच्या मोनोफिनमध्ये लहर सरळ टोकापर्यंत जात होती. आपल्या मोनोफिनमध्ये तेच अंतर कापायला कितीतरी जास्त किका लागल्या आणि काठावर उभ्या मैत्रिणीने घेतलेल्या व्हिडिओत माझे गुडघे दर किकला खाली येताना दिसतात. पोहणारी तीच, किक तीच, तलाव तोच. बदलली ती फक्त मोनोफिन. दोन्ही व्हिडिओ पेन ड्राइव्हवर सोबत पाठवत आहे. माझ्या किकचे परीक्षण करायचेच असेल तर निदान ते पाहून करावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आकाराच्या तक्त्यात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारली आहे, पण पॉकेटवर बुटाचा नंबर छापलेला आहे आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश यांपैकी काहीच नाही, आणि ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जाहिरातीत 'ऑलिंपिकमान्य मोनोफिन' असे म्हटले आहे. अशी कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही. ऑलिंपिकच्या जलतरण शर्यतींत कोणतीही फिन घालता येत नाही आणि फिनस्विमिंग, म्हणजे फिन घालून पोहण्याच्या शर्यती, हा ऑलिंपिक खेळ नाही. त्याच्या जागतिक स्पर्धा 1959 साली स्थापन झालेली सीएमएएस ही पाण्याखालच्या खेळांची जागतिक संघटना घेते. पहिली 1976 साली हॅनोव्हरला झाली. ऑलिंपिकशी डॉल्फिन किकचा संबंध आहे, पण तो वेगळा. 1988 साली सोलमध्ये 100 मीटर बॅकस्ट्रोकच्या अंतिम शर्यतीत डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी सुरुवातीचा मोठा टप्पा पाण्याखालून डॉल्फिन किक मारत गेले. सुझुकी जिंकला, बर्कॉफ दुसरा आला. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली. बॅकस्ट्रोकला आधी 10 मीटर, मग 15 मीटर आणि 1998 पासून बटरफ्लायलाही 15 मीटर. आपल्या पानावर हा इतिहास दिला असता तर मुलांनी तो आवडीने वाचला असता. खोटा शिक्का मारण्याची गरज नव्हती.

यापुढचा मुद्दा पैशांचा नाही आणि तो कृपया सर्वांत आधी वाचावा.

'डॉल्फिन किक सुधारण्याच्या युक्त्या' या आपल्या माहितीपत्रकात गुडघे पूर्ण वाकवून झटका द्यायला सांगितले आहे. ते चूक आहे, पण त्याने कोणी दगावणार नाही. शेवटची युक्ती मात्र अशी आहे : 'पाण्याखाली जाण्यापूर्वी भराभर खोल श्वास घ्या, म्हणजे जास्त वेळ श्वास रोखता येईल. रोज एकट्याने सराव करून अंतर वाढवा.' हे वाचून मी हादरले. भराभर श्वास घेतल्याने शरीरात प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घेण्याची तीव्र इच्छा मुख्यतः त्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो कमी केला की धोक्याची घंटा उशिरा वाजते, आणि ती वाजण्यापूर्वीच प्राणवायू इतका खाली जातो की माणूस पाण्याखाली कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे, धडधाकट तरुण असे उथळ तलावांत बुडाले आहेत. त्यात मोनोफिनमध्ये दोन्ही पाय एकत्र अडकलेले असतात, उभ्याने पाणी तुडवता येत नाही. आणि आपण सांगता, एकट्याने सराव करा. त्याच पानावर 'वय वर्षे 8 पासून पुढे' असेही छापले आहे. आमच्या टँकवर ही मोनोफिन बघून घालून पाहण्याचा हट्ट धरणारी मुले बरोबर त्याच वयाची आहेत.

माझे पॉकेट उखडले तेव्हा मी भिंतीजवळ होते आणि काठावर माणूस होता, म्हणून काही झाले नाही. खोल बाजूला मध्यावर एक पाय सुटा आणि एक पाय पात्यात अडकलेला अशी अवस्था झाली तर काय होईल, याचा विचार आपल्याकडे कोणी केला आहे का? ग्राहक सेवेला हा प्रश्न मी विचारला होता. त्याचे उत्तर आले नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. साडेअठरा हजार रुपये आणि पाठवणीचा खर्च, पूर्णच्या पूर्ण, माझ्या खात्यात जमा करावा. बदली मोनोफिन किंवा पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन मला नको. माहितीपत्रक आजच मागे घ्यावे आणि ज्यांना ते आधीच गेले आहे त्या सगळ्या ग्राहकांना श्वासाविषयीची सूचना पाळू नका असे लेखी कळवावे. त्यांचे ईमेल आपल्याकडे आहेत, सणासुदीच्या सवलती तुम्ही त्यांवरच पाठवता. पानावरचे 'फायबरग्लास', '22 अंश' आणि 'ऑलिंपिकमान्य' हे शब्द एकतर खरे करून दाखवावेत, नाहीतर काढावेत. हे खेळण्यातल्या जलपरीचे शेपूट असेल तर तसे सांगून, त्याच्या किमतीला विकावे. ते घेणारेही लोक आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार या तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला त्याच नियमांनी नकार देता येत नाही. मुदत उलटली तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय कुठे आहे याने फरक पडणार नाही. वापराच्या पुरेशा आणि योग्य सूचना न दिल्याने इजा झाल्यास तिची जबाबदारीही त्याच कायद्यात सांगितली आहे. आपल्या वकिलांना ते माहीत असेलच. माहितीपत्रकाबाबत मात्र मी महिनाभर थांबणार नाही. ते मागे घेतल्याचे एका आठवड्यात कळले नाही तर त्याची प्रत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाईल.

मोनोफिन, उखडलेले पॉकेट आणि मूळ खोका माझ्याकडे आहे. कुरिअरचा माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा आणि सकाळी नऊनंतर पाठवावे, त्याआधी मी टँकवर असते. वस्तू ताब्यात घेतल्याची सही-शिक्क्याची पावती दिल्याशिवाय ती देणार नाही. खोका मोठा आहे, दुचाकीवर मावणार नाही.

आपली,
(सही)
ग्राहक, पुणे

सोबत : बिलाची प्रत, ग्राहक सेवेचा ईमेल, सहा फोटो, जाहिरातीच्या पानाची छापील प्रत, माहितीपत्रकाची प्रत, दोन व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह.